मावळतीआधीचं ताट

“तुझं नाव छापलं ते छापलं. त्यात माझं कशाला?” अरिहंतनं तिसऱ्यांदा विचारलं.

“नवऱ्याचं नाव मधी लावायची रीत हाय म्हणून,” रूपाली म्हणाली. चटणी कुटायच्या डंकाच्या उखळीत चिकटलेली चटणी ती ब्रशनं कडेला ओढत होती आणि मान वर करायला तयार नव्हती. “मी फोनवर नुसतं रूपाली सांगितलं होतं. त्यांनी मानानं सगळं लावलं. सौभाग्यवती पण लावलंय, बघितलं न्हाई का?”

“बघितलं. सगळ्या बस्तीनं बघितलं.”

मोबाइल त्याच्या हातातच होता. पडद्यावर एक पत्रक होतं. वर क्रूस, त्याखाली डोंगराचं चित्र आणि ‘बालकांचे उन्हाळी शिबिर’ अशी जाड अक्षरं. अगदी तळाला, आभाराच्या यादीत, एक ओळ होती: शुक्रवारचे सायंभोजन व दहा दिवसांची चटणी, सौ. रूपाली अरिहंत मगदूम, कोल्हापूर. हे पत्रक दुपारी कुणीतरी बस्तीच्या ग्रुपवर टाकलं होतं. जवळच्या जैन मंदिराला पेठेत सगळे बस्तीच म्हणतात, आणि त्या बस्तीच्या नव्या समितीत अरिहंतचं नाव घालायचं यंदा जवळजवळ ठरलं होतं. पत्रकाखाली एकानं विचारलं होतं, ‘हे आपलेच अरिहंत काय?’ त्याखाली नऊ जणांनी नुसते जोडलेले हात टाकले होते. त्या हातांचा अर्थ काय घ्यायचा, हे त्याला दुपारपासून कळत नव्हतं.

“आण्णांचा फोन आलता,” तो म्हणाला. आण्णा म्हणजे समितीचे जुने अध्यक्ष. “मी शब्द दिलाय. संध्याकाळपर्यंत नाव काढून घेतो म्हणून.”

“कुणाचं?”

“आपलं.”

“तुमचं काढा. माझं ऱ्हाऊ द्या.”

“माझं काढून उरतंय काय? रूपाली मगदूम. मगदूम हायच की परत.”

उंबऱ्याजवळ पोत्यावर बसून मिरचीचे देठ मोडणाऱ्या सीताबाई, अरिहंतच्या आई, यावर हसल्या नाहीत. त्यांचं मन अजून पहिल्याच गोष्टीवर अडकलं होतं.

“मला आधी एक सांग,” त्या सुनेला म्हणाल्या. “ती शिबिराची चटणी ऑर्डर न्हवती?”

“न्हाई, आत्ती.”

“बारा वर्सं मी ऑर्डर समजून देठ मोडून देते.”

“तुम्ही कधी विचारलं न्हाईसा.”

“ऑर्डरीला काय विचारायचं?”

रूपालीनं ब्रश खाली ठेवला.

तिचा डंक पेठेत सगळ्यांना माहीत आहे. सोळा वर्षांपूर्वी अरिहंतचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान बसलं, तेव्हा तिनं घराची पुढची खोली रिकामी केली आणि चटणी कुटायची दोन यंत्रं बसवली. मिरचीची पारख तिला उपजतच होती. तिचे वडील बापूसो गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचा व्यापार करायचे. पोत्यात हात घालून, वास घेऊन, ही मिरची कुठल्या गावची हे ते सांगायचे. रूपालीला गाव सांगता येत नाही, पण कोणत्या बाईनं मिरची नीट वाळवलेली नाही हे पिशवी उघडायच्या आधी कळतं, आणि ती ते तोंडावर सांगते. “वहिनी, ह्याला अजून दोन उन्हं दाखवा. आज कुटली तर आषाढात बुरशी येईल, आणि मग म्हणशीला डंकवालीनं घाण केलं.” बायका चिडतात, पिशवी घेऊन घरी जातात आणि दोन दिवसांनी परत येतात.

दोन यंत्रांतल्या एकावर कांदा-लसणाची चटणी कुटली जाते. दुसऱ्याला आजवर लसणाची पाकळी लागलेली नाही. ती सीताबाईंची अट होती. सीताबाई दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घेत नाहीत, जमिनीखालचं कंदमूळ खात नाहीत, आणि नळाचं पाणी आल्याआल्या दुपदरी फडक्यातून गाळून घेतात. हे सगळं रूपाली वीस वर्षं तंतोतंत पाळते. एप्रिल-मे महिन्यांत डंकासमोर बायकांची रांग रस्त्यापर्यंत जाते, खोलीत खाट, म्हणजे मिरचीची झोंबरी धूळ, उठते, येणारा-जाणारा शिंकत सुटतो, तरी सहा वाजले की रूपाली हात धुते, डोक्यावरचं फडकं सोडते आणि आत जाऊन जेवून येते. रांग थांबते. पेठेतल्या बायकांना आता त्याची सवय झाली आहे.

अशा बाईनं क्रूस छापलेल्या पत्रकात नाव द्यावं, हे अरिहंतला खरोखरच कळत नव्हतं.

“बरं, देणगीच द्यायची तर आपली शिबिरं काय कमी हायत?” तो जरा खाली येऊन म्हणाला. “आपलं संस्कार शिबिर हाय. तिकडं दे की. तू स्वतः गेलीस की त्या शिबिराला.”

“त्या शिबिरावर तर मी हिला पसंत केली,” सीताबाई म्हणाल्या. हा विषय निघाला की त्या थोड्या खुलायच्या, तशा आत्ताही खुलल्या. “चार पोरी बघितलेल्या ह्याच्यासाठी. एक तर हिच्यापरीस गोरी होती. पण हिचा बाप म्हणाला, पोरगी अकरा वर्सांची असताना दहा दिवस शिबिरात ऱ्हायलीया, एकटी, आणि एक दिवस अंधारात जेवली न्हाई. मी तिथंच ठरवलं. गोऱ्या रंगाला काय करायचंय?”

रूपालीनं भिंतीवरचं बटण दाबून दुसरा डंकही बंद केला. लोखंडी मुसळं थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

“आत्ती,” ती म्हणाली, “ते शिबिर हेच.”

“कुठलं?”

“हे. पत्रकातलं.”

सीताबाईंच्या हातात एक मिरची होती. तिचा देठ त्यांनी मोडला नाही.

आतल्या दारात तेजस्वी येऊन उभी राहिली होती. रूपालीची मुलगी, बारा वर्षांची, परीक्षा संपून सुट्टीला कंटाळलेली. तिला कुणी आत पाठवलं नाही, म्हणून ती तिथंच खाली बसली.

मग रूपालीनं सांगितलं. उभ्यानंच, हात पदराला पुसत.

त्या साली गडहिंग्लजच्या स्टँडवरून मुलांना संस्कार शिबिराला न्यायला गाडी येणार होती. तिला सोडायला काका आला होता. त्या दिवशी मिरचीचा सौदा होता आणि काकाचं सगळं लक्ष बाजाराकडं होतं. स्टँडच्या कडेला एक गाडी उभी होती. पोरं, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, हातात यादी घेतलेले एक पांढऱ्या कपड्यांतले मास्तर. काकानं कुणाला काही विचारलं नाही. त्यानं पोरीला चढवलं, खिडकीतून वळकटी आत ढकलली आणि तो बाजाराकडं पळाला. मास्तरांच्या यादीत आजऱ्याकडची एक रूपाली होती, ती तापानं आलीच नव्हती. त्यांनी नाव विचारलं, हिनं सांगितलं, त्यांनी खूण केली. संस्कार शिबिराची गाडी अर्ध्या तासानं आली आणि एका पोरीची वाट बघून निघून गेली.

“मग तुला गाडीत कळलं न्हाई?” अरिहंतनं विचारलं.

“पोरं गाणी म्हणत होती. देवाचीच होती. मला वाटलं, नवीन असतील.”

गाडी पन्हाळ्याच्या पलीकडं, एका डोंगराच्या कुशीत जाऊन थांबली. संध्याकाळी प्रार्थना झाली, आणि भिंतीवरचा क्रूस बघून रूपालीला काय ते समजलं. पण अकराव्या वर्षी अनोळखी माणसांना, मी चुकून आले, हे सांगायला धीर लागतो. जेवणाची घंटा सव्वाआठला झाली. ताट पुढं आलं. बाहेर काळोख होता. ती ताटाकडं बघत बसली आणि तशीच उठली.

“उपाशी?” सीताबाई म्हणाल्या. हा त्यांचा पहिला शब्द.

“उपाशी. सकाळी स्वयंपाकघरातनं एक बाई बाहेर आली. झुंबरबाई. न शिवलेलं ताट कुणाचं होतं, म्हणून तिनं सगळ्या पोरींच्या तोंडाकडं बघितलं, आणि माझा हात धरला. मी सगळं सांगितलं. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत न्हाई, हे पण सांगितलं. ती म्हणाली, एवढंच व्हय? मला वाटलं, माझ्या हातचं आवडलं न्हाई.”

मास्तरांचं नाव पिराजी सर. त्यांनी कपाळाला हात लावला. घरी फोन नव्हता. त्यांनी खालच्या गावात जाऊन गडहिंग्लजच्या मिरचीच्या अडतीवर फोन केला, आणि निरोप फिरत फिरत बापूसोंपर्यंत पोचायला दोन दिवस गेले. तोवर हिचं काय करायचं, ते झुंबरबाईनं ठरवलं. संध्याकाळी साडेसहाला, बाकीची पोरं मैदानात असताना, ती हिला स्वयंपाकघराच्या पडवीत बोलवायची. दोन ताटं वाढायची. एक हिला, एक स्वतःला.

“तिला कशाला?” तेजस्वीनं विचारलं.

“मी पण विचारलं. ती म्हणाली, मला लवकर भूक लागते.”

“पाणी?” सीताबाईंनी विचारलं.

“गाळून. तिची चर्चला जायची एक पांढरी साडी होती. तिचा पदर दुपदरी करून घागरीवर धरायची. प्रार्थनेला उभी राहिली की पदराचं टोक ओलं दिसायचं.”

“आणि कंदमूळ?”

“पहिल्या दिवशी बटाटा होता. मग तिनं विचारलं, जमिनीखालचं काय काय चालत न्हाई तुमच्यात? मी म्हटलं, काहीच न्हाई. ती म्हणाली, शेंगा? मी म्हटलं, शेंगा चालतात. मग म्हणाली, शेंगा काय झाडाला लोंबतात व्हय गं? ”

“शेंग म्हणजे बी हाय. कंद न्हवं,” सीताबाई लगेच म्हणाल्या. “तिला सांगायचं न्हाईस?”

“अकरा वर्सांची होते, आत्ती.”

“मग काय केलं तिनं?”

“कच्च्या केळ्याची भाजी. आणि शेंगाची चटणी, बिनलसणाची. दहा दिवस.”

रात्री निजताना सगळी पोरं प्रार्थना म्हणायची. रूपाली गप्प बसायची. पिराजी सर एकदाच तिच्याजवळ आले आणि म्हणाले, तुझ्या घरी काय म्हणतात ते म्हण, पण उपाशी न् मुकी निजू नको. मग ती घरचा णमोकार मंत्र म्हणायची. शेवटपर्यंत शेजारच्या चौघींना तो पाठ झाला होता.

तिसऱ्या दिवशी बापूसो, रूपालीचे आप्पा, आले. एका ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेऊन, उन्हात, रस्ता चुकत चुकत. पोचले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. घरातून निघताना त्यांनी बरंच ठरवलं होतं. कुणाला काय बोलायचं, कुणाची कॉलर धरायची. पडवीत पोरगी ताटावर बसलेली दिसली, समोर एक अनोळखी बाई बसलेली. बापूसोंनी तोंड उघडलं. झुंबरबाईनं आधी त्यांच्याकडं बघितलं आणि मग डोंगराकडं, सूर्य किती वर आहे ते.

“काय म्हणाली ठाऊक हाय?” रूपाली म्हणाली. “पावणं, बोलणं मागनं. अर्धा तास बी न्हाई तुमच्याकडं. पाय धुवा, ताट घेते.”

अरिहंत हसला. मग आईकडं बघून थांबला.

“आप्पा जेवले. सकाळपासनं पोटात काही न्हवतं त्यांच्या. जेवून हात धुतला, तवर दिवस गेला. आणि मग त्यांना काही बोलायचंच उरलं न्हाई. मला म्हणाले, चल. मी म्हटलं, परवा खो-खोची मॅच हाय. ते जरा वेळ तिथंच बसले. मग पिराजी सरांना म्हणाले, ऱ्हाऊ दे, पोरगी इथं खातीया.”

जाताना त्यांनी तिला एक गोष्ट बजावली. गावात संस्कार शिबिरच सांगायचं. आपल्याला काही वाटत नाही, पण उद्या तुझं लग्न करायचंय. लोक ताटाचं ऐकणार नाहीत, भिंतीवरच्या क्रूसाचंच ऐकतील. तिनं मान हलवली. पुढं तिला बघायला मगदूम आले तेव्हा बापूसोंनी नुसतं शिबिर म्हटलं, कुठलं ते नाही, दहा दिवस सांगितले, अंधारात न जेवल्याचं सांगितलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. रूपाली पोह्याची ताटली हातात धरून जमिनीकडं बघत होती. सीताबाईंना तो विनय वाटला.

“बारा वर्सांमागं,” रूपाली म्हणाली, “तुम्हीच बाहेरनं हाक मारली होती. रूपाली, दिवस मावळायला आला, जेवून घे. रांगेत एक म्हातारी उभी होती, पांढऱ्या साडीतली. ती म्हणाली, गडहिंग्लजच्या मिरचीवाल्यांची तू न्हवं?”

“धणे स्वतः निवडून आणलेली?” सीताबाईंनी विचारलं.

“तीच.”

“तिनं मला पाणी मागितलेलं. मी गाळलेलं दिलं, तर फडक्याकडं बघून हसली. मला वाटलं, वेडी हाय.”

“तिला मी चटणी दिली, शिबिरासाठी. पैसे घेतले न्हाईत. मग दर साली दिली. एकदा पोचवायला गेले तर पिराजी सर म्हणाले, झुंबरबाईला आयुष्यात नऊच्या आत भूक लागलेली न्हाई. मी तिला विचारलं. ती म्हणाली, मग काय, पोरगी एकटी बसली असती. मी तुझ्याबरोबर साडेसहाला जेवायची आणि नऊला परत. त्या साली जी जाड झाले, ती झालेच.”

रूपालीनं नाक पुसलं. डंकावरच्या बाईचं नाक एरवी कधी वाहत नाही, खाट कितीही उठली तरी.

“आता ती अठ्ठ्याहत्तरची हाय. गुडघे गेलेत. फक्त शुक्रवारी येते शिबिरात. त्या दिवशी सगळी पोरं साडेसहाला जेवतात. आप्पा गेल्यापासनं मी ते जेवण घालते, चटणी पोचवायचं निमित्त करून जाते. आप्पांना दिलेला शब्द होता, म्हणून घरात काही बोलले न्हाई. आता ते न्हाईत. आणि नाव छापून आलंय, तर आलंय.”

सीताबाई उठल्या. मांडीवरचे देठ त्यांनी झटकले, पोत्यावर गोळा केले, आणि त्या आत गेल्या. आतून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

रूपाली दाराकडं बघत राहिली. अरिहंत कधी फार ओरडत नाही आणि ओरडला तरी टिकत नाही, हे तिला वीस वर्षांत कळलं होतं. त्याची तिला भीती नव्हती. सीताबाईंची होती. दुकान बसलं तेव्हा स्वतःच्या पाटल्या हातात ठेवून, घे यंत्रं, असं म्हणणारी ही बाई. तिनं आपल्याला ज्या एका गोष्टीसाठी घरात आणलं, ती गोष्टच आपण आज तिच्यासमोर उलटी करून ठेवली.

“आईला लागलं,” अरिहंत हळूच म्हणाला.

“कळतंय मला.”

“आण्णांना काय सांगू?”

तिनं खाली ठेवलेला ब्रश उचलून कोनाड्यात ठेवला.

सीताबाई बाहेर आल्या त्या तोंड पुसत. “मला त्या क्रूसाच्या भिंतीचं काही वाटलं न्हाई,” त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या. “वीस वर्सं तू माझ्या शेजारी बसून जेवतीस. एकदा सांगायचं न्हाईस? मी काय तुला ताटावरनं उठवली असती?”

“भ्याले होते, आत्ती.”

“मला?”

“तुम्हालाच.”

सीताबाईंनी ते जरा वेळ तोलून बघितलं. भिण्यात काही वावगं होतं असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. मग त्या मुलाकडं वळल्या.

“काल रात्री किती वाजता आलास?”

“साडेदहा.”

“कुठनं?”

“रंकाळ्यावरनं.”

“काय खाल्लंस?”

अरिहंत मोबाइलकडं बघायला लागला.

“बाबांनी पावभाजी खाल्ली, आज्जी,” तेजस्वी म्हणाली. “मला पण आणली होती.”

“बटाट्याची,” सीताबाई म्हणाल्या. “आणि हा समितीत जाणार.”

त्या आत गेल्या आणि ताटं मांडल्याचा आवाज आला. सहा वाजून गेले होते. चौघं जेवायला बसली. आमटी, भाकरी, शेंगाची चटणी. पहिला घास घेतला न घेतला तोच अरिहंतचा मोबाइल वाजला. पडद्यावर आण्णांचं नाव होतं. त्यानं आधी बायकोकडं बघितलं, मग आईकडं, आणि हात पुसायला घेतला.

“जेव आधी,” सीताबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या. “बोलणं मागनं.”

मोबाइल वाजून वाजून थांबला. रूपाली सासूकडं बघत राहिली. सीताबाई भाकरी मोडत होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, “किती पोरं असतात?”

“ऐंशी.”

“ऐंशी पोरांची केळी तू एकटी सोलतीस? चिकानं हात काळं होत न्हाईत?”

“होतात.”

“तेल लावायचं आधी. एवढं कळत न्हाई.”

रूपालीनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, पाण्याचा घोट घेतला. मग रांगेतल्या बायकांना सांगते त्याच आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, “नाव निघणार न्हाई, आण्णांना तसं कळवा. शुक्रवारी डंक बंद ऱ्हाणार. मी, आत्ती आणि तेजस्वी दुपारी एकला निघणार, केळी सकाळी बाजारातनं तुम्ही आणायची. तुमचं ताट झाकून ठेवते, दिवस मावळायच्या आत जेवा.”